‘सर्दीनं कुणाचा डोळा जात नाही’ या प्रतिक्रियेवर

दादा, ‘पावसाळ्यात निम्म्या कोल्हापूरला सर्दी असते, म्हणून कुणाचा डोळा जातोय काय? वाफ घेतली की दोन दिवसांत उतरतंय. उगं घाबरवू नका,’ असं तुम्ही आमच्या लेखावर लिहिलंय. सायनसमधला, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांमधला, संसर्ग डोळ्यापर्यंत जाऊ शकतो, असं त्या लेखात होतं. निम्मं बरोबर आहे. साध्या सर्दीनं नजर जात नाही आणि सायनसमुळे चष्म्याचा नंबरही वाढत नाही. हे आमच्या लेखात ठळक यायला हवं होतं.

वाफेनं नाक मोकळं होतं, पण हाडापलीकडे साठलेला पू हलत नाही. दोन डोळ्यांच्या मधे असलेलं एथमॉइड सायनस आणि डोळ्याची खोबण यांतलं हाड अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड नसतं. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच ‘कागदी’. सायनसमधला संसर्ग ते ओलांडून खोबणीत जाऊ शकतो, म्हणून सर्दी-तापात मुलाची एक पापणी सुजली तर ‘डास चावला असेल’ म्हणून गप्प बसू नये.

हात धुऊन ती पापणी हलकेच वर करा. डोळा पांढरा आहे, तुमच्या बोटामागे चारी बाजूंना न दुखता फिरतोय, दुसरा डोळा झाकून ‘पुढारी’तला बारीक मजकूर वाचता येतोय, तर सूज बहुधा पापणीपुरती आहे. डॉक्टर तरी त्याच दिवशी गाठायचा. पण डोळा पुढे आलाय, फिरवताना दुखतोय, एकाचे दोन दिसताहेत, तर सकाळची वाट बघू नका. कुंकवाची डबी एकेका डोळ्यानं बघायला सांगा. एका डोळ्याला लाल विटका दिसला तर दृष्टीची नस दाबली जात असू शकते; बऱ्याचदा अक्षरांआधी रंग फिका पडतो.

स्फिनॉइड सायनस त्याहून फसवं. ते खोल, दृष्टीच्या नसेला चिकटून असतं. सूज नाही, लाली नाही, डोळ्यामागे ठणकतं आणि नजर धूसर होते. लोक चष्म्याच्या दुकानात जातात! मधुमेह असेल आणि गाल बधिर झाला, नाकात काळी खपली दिसली, तर ती म्युकरची बुरशी असू शकते. २०२१ मध्ये ती सगळ्यांनीच पाहिली. अशा वेळी मनानं स्टेरॉइड घेणं म्हणजे तिला खतपाणी.

कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयात किंवा कान-नाक-घसा आणि नेत्रतज्ज्ञ दोन्ही असतील तिथं जा. सीटी स्कॅन होतो, शिरेतून अँटिबायोटिक सुरू होतं, दर काही तासांनी नजर तपासतात. नजर घटली किंवा दिवस-दोन दिवसांत उतार पडला नाही, तर बहुतेक वेळा नाकातूनच दुर्बिणीनं पू काढतात. जाताना आधी दिलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. ‘पांढरी गोळी होती’ एवढ्यावरून डॉक्टरला काही कळत नाही.