शेड नंबर २१४

मॅचिंग सेंटरात एकट्याने शिरणाऱ्या नवऱ्याकडे दुकानदार ज्या नजरेने बघतो, तशी नजर मी आजवर फक्त ऑपरेशन थिएटरकडे स्ट्रेचर ढकलणाऱ्या वॉर्डबॉयची पाहिली आहे.

भाच्याची मुंज तोंडावर आलेली. हिची रेशमी साडी आमसुली, काठ हिरवा. जुना ब्लाउज आता होत नाही (हे वाक्य मी उच्चारलेलं नाही, तिने उच्चारलं, याची नोंद घ्यावी). "आमसुलीच आणा हं. मरून नको, आणि वांगी तर मुळीच नको." माझ्या हिशेबी हे तिन्ही रंग म्हणजे एकच रंग आणि त्याची तीन नावं.

दुकानदाराने पदर काउंटरवर पसरला, टू बाय टूचे सात-आठ तागे धडाधड आपटले आणि एकावर बोट ठेवलं. "हाच. बाहेर उजेडात बघून या, साहेब." पायरीवर उन्हात जाऊन बघितलं. कापड कुठे संपतं आणि साडी कुठे सुरू होते, कळेना. एक मीटर कापून घेतलं. बिलावर लिहिलं होतं, शेड नं. २१४.

घरी आल्यावर हिने पीस पलंगावर टाकलं. पलंगावर लालभडक चादर.

"अहो, हे वांगी आहे!"

मी बघितलं. होतं. दोन तासांपूर्वी आमसुली असलेलं कापड रिक्षात बसून वांगी झालं होतं. साडी मात्र हिरव्या काठाच्या कडेने आणखीच लालसर दिसत होती.

आता मला याचं कारण ठाऊक होतं, आणि नवऱ्याला कारण ठाऊक असणं ही घरातली सर्वांत निरुपयोगी गोष्ट. १८२४ साली पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायची चित्रं विणत, तिथे शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख झाला. त्याच्याकडे तक्रार आली की काळा रंग नीट बसत नाही, निळ्या-जांभळ्याशेजारी फिका पडतो. याने तपासलं तर रंग चोख होता. दोष शेजाऱ्याचा! दोन रंग जवळ आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून सांगतो. लालाशेजारचा रंग आपली लाली हरवतो, हिरव्याशेजारचा लाली कमावतो. यावर त्याने १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ काढला आणि पुढे १०२ वर्षांचा होऊन वारला. ब्लाउजपीस आणायला त्याला कोणी पाठवत नसावं.

हे सगळं मी हिला सांगितलं. ऐकताना तिने चादरीच्या चार सुरकुत्या सारख्या केल्या.

मग मी पुरावा केला. मिठाईच्या खोक्याचं झाकण घेतलं, त्याला दोन भोकं पाडली. एका भोकाखाली साडी, दुसऱ्याखाली पीस. चादर गायब, काठ गायब. दोन्ही भोकांत तंतोतंत एकच रंग! झाकण उचललं की पुन्हा वांगी. हेच तर संतापजनक आहे. एमआयटीतल्या एडवर्ड एडेल्सन यांनी १९९५ साली बुद्धिबळाच्या पटाचं एक चित्र केलं. त्यातला उन्हातला गडद चौकोन आणि सावलीतला फिका चौकोन प्रत्यक्षात एकाच करड्या रंगाचे आहेत. मी ते कागद लावून मोजलंय. कागद काढला की मेंदू पुन्हा आपलंच खरं करतो.

त्यालाही बोल लावता येत नाही म्हणा. उन्हातला कोळसा अंधाऱ्या खोलीतल्या खडूपेक्षा जास्त प्रकाश डोळ्यांत धाडू शकतो, तरी आपल्याला कोळसा काळा आणि खडू पांढराच दिसतो, कारण मेंदू ऊन-सावलीची वजाबाकी गुपचूप उरकून टाकतो. बहुतेक वेळा हिशेब बरोबर येतो. कधी उजेडाचा अंदाज माणसागणिक बदलतो. २०१५ साली स्कॉटलंडमधल्या एका लग्नासाठी घेतलेल्या ड्रेसचा फोटो जगभर फिरला, तेव्हा हिला तो पांढरा-सोनेरी दिसला आणि मला निळा-काळा. ड्रेस खरोखरच निळा-काळा निघाला. उभ्या संसारात मी जिंकलेला तो एकमेव वाद.

हिने झाकणाच्या भोकांतून बघितलं. दोनदा बघितलं. "दिसतंय सारखं," म्हणाली. मी छाती फुगवेपर्यंत पुढचं वाक्य आलं. "मग मुंजीत मी काय हे खोकं धरून फिरू? आणि आलेल्या प्रत्येकीला म्हणू, वहिनी, जरा या भोकातून बघा?"

दुसऱ्या दिवशी दुकानात दोघं. काउंटरमागे पाटी, 'कापलेला माल परत घेतला जाणार नाही'. हिने साडी पसरली, तागे पडले. या ताग्यावरून त्या ताग्यावर तिचा हात फिरला आणि एकावर थांबला. पांढऱ्या गादीवर साडीला टेकवून तिने तो निरखला, बाहेर पायरीवर नेला, परत आणला.

"हा बघा आमसुली! याला म्हणतात मॅचिंग. काल हा दाखवलाच नसेल यांना."

दुकानदाराने ताग्याची चिठ्ठी उलटून वाचली. "दोनशे चौदा. एक मीटर मोज रे," त्याने पोऱ्याला सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी पंख्याकडे बघितलं. चांगला पंखा होता. तीन पात्यांचा.