सेरोटोनिनच्या गोळीने लांबलेली फिट थांबते, हा दावा का टिकत नाही

सांगली-मिरजेपासून जत-आटपाडीपर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश आवर्जून पुढे पाठवला जात आहे. मेंदूत निरोप पोहोचवणारे सेरोटोनिन हे रसायन वाढवणाऱ्या औषधाने उंदरांमधील लांबलेली फिट थांबल्याचे सिद्ध झाले आहे, म्हणून नैराश्याची गोळी फिटवरही चालते, फेनफ्लुरामिन या सेरोटोनिन वाढवणाऱ्या औषधाला मिळालेली मान्यता हा त्याचा पुरावा आहे, आणि केळी-दूध सुरू करून फिटच्या जुन्या गोळ्या सोडून द्याव्यात, अशी चार विधाने त्यात आहेत.

पहिले विधान प्रयोगाचा अर्थच चुकीचा लावते. उंदराला पायलोकार्पिन हे झटके आणणारे रसायन टोचले की आधी तो काहीतरी चघळल्यासारखे तोंड हलवतो, मग मान झटकू लागते, पुढचे पाय थरथरतात आणि शेवटी मागच्या पायांवर उभा राहून तो कोसळतो. हे टप्पे १९७२ साली संशोधक रसीन यांनी आखलेल्या मोजपट्टीवर नोंदवले जातात. अशा प्रयोगांत तपासायचे औषध पुष्कळदा पायलोकार्पिनच्या आधीच दिलेले असते. त्यातून झटका सुरू व्हायला उशीर झाला किंवा तो सौम्य राहिला एवढे कळते; सुरू झालेला झटका औषधाने थांबवला असे त्यावरून म्हणता येत नाही. हा फरक किरकोळ नाही. झटका लांबत गेला की चेतापेशींच्या पृष्ठभागावरचे, मेंदूला शांत करणारे गाबा रिसेप्टर (रसायनाचा निरोप टिपणारी ठिकाणे) पेशीच्या आत ओढले जातात आणि मेंदूला उत्तेजित करणारे एनएमडीए रिसेप्टर पृष्ठभागावर वाढतात, म्हणून गाबामार्फत काम करणारे डायझेपाम हे फिट थांबवणारे औषधसुद्धा सुरुवातीला जितके लागू पडते तितके तासाभराने पडत नाही. शिवाय ८-ओएच-डीपीएटी या सेरोटोनिन रिसेप्टरवर काम करणाऱ्या रसायनाने उंदराच्या शरीराचे तापमान उतरते, आणि थंड पडलेल्या मेंदूत झटके आपोआपच कमी होऊ शकतात. तापमान न सांभाळता केलेल्या प्रयोगाचे श्रेय थेट सेरोटोनिनला देता येत नाही.

दुसऱ्या विधानात सेरोटोनिन म्हणजे एकच कळ आहे असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात त्याच्या रिसेप्टरची सात कुटुंबे आणि किमान चौदा प्रकार आहेत, आणि त्यांची कामे एकमेकांच्या विरुद्धही जातात. वर उल्लेखलेले ८-ओएच-डीपीएटी हेच याचे उत्तम उदाहरण ठरावे: काइनिक आम्लाने आणलेले झटके ते उंदरांमध्ये कमी करते, पण जन्मजात अपस्मार (वारंवार फिट येण्याचा आजार) असलेल्या डब्ल्यूएजी-रिज जातीच्या उंदरांमध्ये क्षणभर भान हरपवणाऱ्या झटक्यांच्या मेंदू-लहरी ते वाढवते. औषध एकच, प्राणीही उंदीरच, आणि निष्कर्ष उलटे. नैराश्याच्या गोळ्यांचेही असेच आहे. अपस्मार असलेल्या अनेकांना डॉक्टर त्या योग्य मात्रेत देतात आणि त्या मनाने थांबवू नयेत; मात्र त्याच गोळ्या अतिमात्रेत घेतल्यास झटके येऊ शकतात. सर्वांत जास्त काळजी मला वाटते ती संदेशातल्या "फिट आली की लगेच गोळी द्या" या ओळीची. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात गोळी किंवा पाणी घातले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि पोटातून रक्तात उतरायला वेळ घेणारी गोळी त्या क्षणी कामाचीही नसते.

फेनफ्लुरामिनबद्दलची माहिती खरी आहे, पण अर्धवट. वजन कमी करण्यासाठी विकले जाणारे हे औषध हृदयाच्या झडपा बिघडवते म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतले गेले. पुढे तिथेच २०२० मध्ये ड्रावे सिंड्रोमसाठी आणि २०२२ मध्ये लेनॉक्स-गास्टो सिंड्रोमसाठी त्याला मान्यता मिळाली. हे दोन्ही बालपणात सुरू होणारे अपस्माराचे अवघड आजार आहेत, औषध रोज घ्यायचे असते, बहुतेक रुग्णांमध्ये ते आधीच्या औषधांना जोड म्हणून दिले जाते, आणि हृदयाची इकोकार्डिओग्राफी आधी व नंतर दर सहा महिन्यांनी करावी लागते. चालू असलेली फिट घरी थांबवण्यासाठी ते नाहीच.

केळ्यात सेरोटोनिन असते, परंतु ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. केळी-दूध जरूर घ्यावे, औषध म्हणून नव्हे.

जुन्या गोळ्या सोडण्याचा सल्ला मात्र सरळसरळ घातक आहे, कारण चालू औषध अचानक थांबवणे हेच लांबलेल्या फिटचे एक प्रमुख कारण आहे. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला तर ती तातडीची वेळ समजावी. आटपाडीकडच्या वस्तीवरून मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचायला दीड-दोन तास सहज जातात, आणि तोवर प्रत्येक मिनिटागणिक औषध कमी लागू पडत जाते. म्हणून ज्यांच्या घरी अशी फिट पूर्वी येऊन गेली आहे त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञांकडून मिडाझोलाम या फिट थांबवणाऱ्या औषधाच्या नाकातल्या फवाऱ्याची चिठ्ठी आणि मात्रा आधीच लिहून घ्यावी, रुग्णाला कुशीवर वळवून १०८ क्रमांकाला फोन करावा, आणि कांदा, चप्पल किंवा दातांत चमचा यांच्यात वेळ घालवू नये.