व्होल्टेज मॉड टाळला म्हणून मी भित्रा? घ्या उत्तर

नमस्कार, प्रतिक्रिया मोठी आणि चांगलीच तिखट आहे, त्यामुळे उत्तरही लांबणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी माझ्या लेखात ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करण्यावर (ठरलेल्या वेगापेक्षा, म्हणजे क्लॉकपेक्षा, जास्त पळवण्यावर) एवढं पाल्हाळ लावलं आणि व्होल्टेज मॉड, म्हणजे कार्डात फेरफार करून चिपला जास्त व्होल्टेज देणं, मात्र 'नादाला लागू नका' म्हणून एका ओळीत उडवला, आफ्टरबर्नर या ओव्हरक्लॉकिंगच्या सॉफ्टवेअरचे स्लायडर सरकवणं म्हणजे पोरखेळ, पूर्वी लोक साध्या पेन्सिलीने व्होल्टेज वाढवायचे आणि कार्डं काही मरत नव्हती, आणि कंपन्या लॉक लावतात ते निव्वळ महागडी कार्डं खपवायला.

लॉकचं आधी घेतो, कारण तिथे तुमच्याशी भांडण नाहीच. धंदा आहे त्यात, उघड आहे. एएमडीच्या व्हेगा ५६ कार्डावर लोक सरळ वरच्या व्हेगा ६४ चा बायोस (कार्डाच्या मर्यादा ठरवणारं त्यातलंच सॉफ्टवेअर) टाकायचे, त्याने मेमरीचं व्होल्टेज १.२५ वरून १.३५ व्होल्ट व्हायचं आणि ८०० मेगाहर्ट्झवर बांधून ठेवलेली मेमरी बऱ्याच कार्डांवर ९४५ ला आरामात चालायची, म्हणजे दम होताच, विकताना दाबून ठेवला होता. एनव्हिडियाकडे मॅक्सवेल पिढीपर्यंत बायोस एडिट करून पॉवर लिमिट (कार्डाने किती वॅट ओढायचे ती मर्यादा) वाढवता यायचं, २०१६ ला पास्कल पिढी आली आणि ते दार बंद झालं. राग येणारच. पण लॉक धंद्यासाठी लावलंय म्हणजे ते तोडलं की फायदा होतोच, हे कुठून आलं?

आता पेन्सिल. तो मॉड चालायचा कसा ते बघा ना, व्हीआरएम म्हणजे चिपला व्होल्टेज पुरवणारं सर्किट, त्याचा कंट्रोलर फीडबॅक पिनवर किती व्होल्टेज येतंय ते बघून आउटपुट ठरवतो, तिथून ग्राउंडला जाणाऱ्या रेझिस्टरवर ग्राफाइट घासलं की रेझिस्टन्स कमी होतो, कंट्रोलरला वाटतं आउटपुट कमी पडतंय आणि तो ते वाढवतो. मस्त डोकं लावलंय, मान्य. पण त्या कार्डांत क्लॉक तुम्ही ठरवाल तो, व्होल्टेज तुम्ही द्याल ते, मधे बोलणारं कोणी नव्हतं. २०१२ ला जीटीएक्स ६८० सोबत जीपीयू बूस्ट आलं आणि तेव्हापासून कार्ड स्वतः पॉवर मोजतं, तापमान बघतं आणि त्यावरून किती पळायचं ते स्वतःच ठरवतं. हा फरक तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही आणि माझा सगळा मुद्दा तिथेच आहे.

कारण चिपची पॉवर ही क्लॉक गुणिले व्होल्टेजचा वर्ग अशी वाढते. १.०५ चं १.१५ व्होल्ट केलंत तर क्लॉक तोच ठेवूनही पॉवर साधारण २० टक्क्यांनी वर, लीकेज (चिपमधून नुसताच गळणारा करंट) वेगळंच. त्यातून क्लॉक समजा ५ टक्के वाढला तर एकूण २६ टक्के जास्त पॉवर, आणि हातात काय, तर ६० चे फार फार तर ६३ एफपीएस, फ्रेमटाइम (एक फ्रेम काढायला लागणारा वेळ) १६.७ वरून १५.९ मिलिसेकंद. सीपीयू अडवत असेल तर तेही नाही. आणि कार्ड आधीच पॉवर लिमिटला टेकलेलं असेल तर जास्त व्होल्टेज दिल्यावर ते क्लॉक *कमी* करतं. लोक व्होल्टेजचा स्लायडर शेवटपर्यंत नेतात, बेंचमार्कचा स्कोअर पडतो आणि मग ड्रायव्हरला शिव्या.

तुम्ही म्हणाल मग लिमिटच काढा, शंट मॉड करा. ठीक. बोर्डवर साधारण ५ मिलिओहमचे शंट रेझिस्टर असतात, त्यांच्यावर किती व्होल्टेज ड्रॉप होतो त्यावरून कार्ड पॉवर मोजतं, वर अजून एक ५ चा चढवला की झाले अडीच आणि कार्डाला ३०० वॅटचे १५० दिसायला लागतात. विजेच्या मीटरला बायपास मारल्यासारखं आहे हे, रीडिंग अर्धं येतं पण वायरमधून करंट पूर्णच जातो. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅटचा, पॉवर सप्लायचा ८ पिन कनेक्टर १५० चा, हे आकडे आता कोण सांभाळणार? २०१६ ला आरएक्स ४८० काहीही मॉड न करता स्लॉटमधून ठरल्यापेक्षा जास्त ओढत होतं तर एएमडीला नवा ड्रायव्हर आणून ते सावरावं लागलं. आणि सोल्डरिंग नको म्हणून शंटवर लिक्विड मेटल (एरवी चिपची उष्णता कूलरकडे न्यायला लावतात तो द्रव धातू) फासणाऱ्यांना तर हात जोडतो, त्यातलं गॅलियम सोल्डर खातं, रेझिस्टर जागेवरून निसटू शकतो.

'कार्डं मरत नव्हती' बद्दल. मरत होती, फक्त मेलेल्या कार्डाचे स्क्रीनशॉट कोणी टाकत नाही. शिवाय इलेक्ट्रोमायग्रेशन कार्ड एका रात्रीत मारत नाही, करंटची घनता आणि तापमान वाढलं की चिपमधल्या तारांचा धातू हळूहळू सरकत जातो (यावर ब्लॅकचं समीकरण १९६९ पासून आहे, माझा शोध नाही), आणि मग कधीतरी जो क्लॉक आधी स्टेबल होता तो क्रॅश व्हायला लागतो, माणूस अजून व्होल्टेज देतो, आणि ते चक्र पुढे चालू.

म्हणून मी आफ्टरबर्नरच्या कर्व्ह एडिटरवर (कुठल्या व्होल्टेजला किती क्लॉक ते तिथे ठरवता येतं) एवढं लिहिलं. तोच क्लॉक कमी व्होल्टेजला बसवला की पॉवर लिमिटला डोकं आपटणं थांबतं आणि क्लॉक खालीवर न होता टिकतो, गेममधे हे जाणवतं. पोरखेळ म्हणा हवं तर. आणि मेमरीचा क्लॉक बेताने वाढवा बरं का, जीडीडीआर६एक्स प्रकारच्या मेमरीमधे चूक पकडून डेटा परत पाठवायची सोय आहे, त्यामुळे स्क्रीनवर कचरा दिसत नाही, स्कोअर मात्र गुपचूप पडतो.

लिक्विड नायट्रोजन ओतून रेकॉर्डसाठी खेळणाऱ्यांना यातलं काहीच लागू नाही, त्यांनी खुशाल मॉड करावेत, मला बघायलाही आवडतं. पण मी लिहितो रोज गेम खेळणाऱ्यांसाठी.

तुमच्याकडे कुठलं कार्ड आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. एनव्हिडियाचं असेल तर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, सेन्सर्समधे परफकॅप रीझन, म्हणजे क्लॉक कशामुळे अडतोय ते, बघा, नेहमीचा गेम चालू ठेवून. तिथे पॉवर येत असेल तर वरचं सगळं तुम्हाला लागू. व्हीरेल (व्होल्टेजची मर्यादा) येत असेल तर तुम्हाला खरंच व्होल्टेजच अडवतंय, मग कार्डाचं मॉडेल आणि कूलर कळवा, सोल्डरिंगचं पुढे बोलू.