घड्याळ मागे, मोर पुढे

तुमच्या कारखान्याच्या, शाळेच्या किंवा हापिसाच्या वेबसाइटवर फ्लॅशचा (म्हणजे पानावर चित्रं नाचवायला ब्राउझरला जोडायच्या अ‍ॅडोबी कंपनीच्या सॉफ्टवेअरचा) एखादा मोर अजून नाचत असेल, तर आधी अभिनंदन. आता तो मरू नये म्हणून काय करायचं ते ऐका. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादर-टॉवेलवाल्यांकडे हिशेब लिहितो, म्हणजे या विषयात माझा शब्द शेवटचा. आमच्याकडे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद जो काढतो, त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असं धरून चालतात.

पहिलं पथ्य, घाई करायची नाही. फ्लॅश २०२० अखेर बंद होणार हे अ‍ॅडोबीने जुलै २०१७ मध्येच सांगितलं होतं. साडेतीन वर्षं! एवढ्यात माणूस मुलीचं स्थळ बघतो, लग्न लावतो आणि नातवाचं बारसंही जेवून येतो. पण आपण सोलापूरचे. विमानाच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याच्या चिमणीवर आपण किती वर्षं बोलत होतो, आठवतंय ना? मायक्रोसॉफ्टने आपल्या जुन्या ब्राउझरला, इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला, १५ जून २०२२ रोजी निरोप दिला. आपली चिमणी पडली १५ जून २०२३ रोजी. जगाच्या बरोब्बर एक वर्ष मागे, पण तारीख चुकवली नाही.

आमच्या शेठचा मोर २००८ सालचा, पुण्याच्या एका पोराने करून दिलेला. पान उघडलं की आधी चादरीची घडी उलगडायची, मग त्यातून मोर निघायचा, पिसारा फुलवायचा, दोन गिरक्या घ्यायचा आणि त्यानंतर दर दिसायचे. तोवर गिऱ्हाइकाने पानिपतच्या चादरवाल्यांना फोन लावलेला असायचा. पण शेठला मोर प्रिय. १२ जानेवारी २०२१ ला फ्लॅशने काम थांबवलं, ते ऐन सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत. त्या वर्षी करोनामुळे गड्ड्यावर पाळणे नव्हतेच, त्यात इकडे मोरही उडाला. उरला नुसता राखाडी चौकोन.

“काय करायलास बे? मोर कुठाय?” शेठ.

अशा वेळी घाबरू नका. फ्लॅशच्या शेवटच्या आवृत्त्यांमध्ये बंद पडायची तारीख आतच भरून ठेवली होती, तेव्हा उपाय साधा: कॉम्प्युटरचं घड्याळ मागे फिरवा. मी थेट २०१९ लावलं. मोर नाचला! शेठने स्वतः चहा मागवला, आणि नोकरीच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा बशीत बिस्किटं आली.

आता यात एक बारीकशी अडचण आहे. बिलंही त्याच कॉम्प्युटरवर निघतात. आठवडाभर आमच्या सगळ्या बिलांवर २०१९ ची तारीख पडली. हैदराबादच्या एका व्यापाऱ्याने फोन करून विचारलं, माल कालच उतरला, मग उधारी दोन वर्षं जुनी कशी, आणि व्याज लावणार आहात का? शेठ क्षणभर विचारात पडले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सीएसाहेब काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. बँकेचं पान उघडेना, कारण सुरक्षिततेचा दाखला पुढच्या तारखेचा. ब्राउझर तर सरळ तोंडावर सांगायचा, तुमचं घड्याळ मागे आहे. यंत्राचं काय मनावर घ्यायचं? तुम्ही दोन कॉम्प्युटर ठेवा, एक धंद्याला आणि एक मोराला. मोराच्या कॉम्प्युटरला नेट देऊ नका, पेनड्राइव्ह लावू नका, दसऱ्याला झेंडू तेवढा वाहा.

या काळात एखादा शहाणा भेटेलच. तो सांगेल, फ्लॅशसारखं प्लगइन म्हणजे असा भाडेकरू, ज्याला आख्ख्या वाड्याची किल्ली दिलेली असते. आत तो काय करतो यावर ब्राउझरचा ताबा नाही, तो कोसळला की घरमालकालाही घेऊन पडतो आणि चोर त्याच्याच खिडकीतून शिरतात. म्हणून क्रोमने नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळातली ती जुनी प्लगइनची सोय २०१५ मध्ये काढून टाकली. फायरफॉक्सने २०१७ मध्ये एकट्या फ्लॅशला ठेवून बाकीच्यांना बाहेर काढलं. आयफोनने फ्लॅश कधी घेतलाच नाही. एचटीएमएल५ मध्ये, म्हणजे वेबपानं लिहायच्या नव्या भाषेत, पान नुसतं सांगतं की इथे व्हिडिओ आहे, आणि ब्राउझर तो स्वतः चालवतो. यूट्यूब तर जानेवारी २०१५ मध्येच तिकडे गेलं. हे सगळं तुम्ही मान हलवत ऐका आणि विचारा, “पण मोराचं काय?” शहाणा गप्प बसतो. (खरं तर त्याला दुसरंही विचारता येतं. सिनेमांची नक्कल होऊ नये म्हणून लावलेल्या कुलपासाठी एक बंद डबी ब्राउझरमध्ये अजून बसवलेली आहेच की. भाडेकरू गेला, पण त्याची पेटी माळ्यावर राहिली.)

डिजिटल सहीचं काम पडलं तर जुन्या कॉम्प्युटरचं खरं मोल कळतं. एका टेंडरच्या पोर्टलला डोंगल (सही साठवलेली पेनड्राइव्हसारखी कांडी) लागतो, डोंगलला जुना जावा लागतो आणि जाव्याला इंटरनेट एक्सप्लोरर. मायक्रोसॉफ्टने एज या आपल्या नव्या ब्राउझरमध्ये त्या जुन्या ब्राउझरची नक्कल निदान २०२९ पर्यंत ठेवायचं कबूल केलंय, म्हणजे चर्चेला भरपूर वेळ आहे. आणि लाज वाटून घेऊ नका. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याने २०२१ मध्ये फ्लॅशचे फॉर्म बदलून होईनात म्हणून, ते चालवायला चक्क स्वतःचा वेगळा ब्राउझर काढला. याला म्हणतात निष्ठा.

फक्त आमच्या डिझाइन मास्तरांपासून लांब राहा. मी फ्लॅशचं रडगाणं सांगितलं, तर त्यांनी नक्षी विणायच्या जकार्ड मागाच्या कार्डांची माळ पुढे टाकली. पुठ्ठ्याला भोक असलं की धागा वर, नसलं की खाली. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला निघालेली युक्ती. “हा बघ माझा मोर,” म्हणाले, “कंपनी बुडली तरी भोक भोकच राहतं.” अशा माणसांमुळेच नवीन तंत्रज्ञानाची प्रगती खुंटते.

शेवटी शेठच्या भाच्याने मोर नाचत असताना मोबाइलवर स्क्रीनचं शूटिंग केलं आणि तो व्हिडिओ वेबसाइटवर टाकला. सगळ्या फोनवर चालतो. मध्येच ट्यूबलाइटचा पट्टा चमकतो, एकदा माझा हात येतो आणि मागून शेठचा आवाज येतो, “पंखा बंद कर.” त्या कॉम्प्युटरवर मात्र अजून २०१९ चाललंय. तारीख पुढे करायला कोणी धजत नाही. मोर पुन्हा उडाला तर बिस्किटं बंद होतील.