तारेत विद्युत क्षेत्र नसतं म्हणे!

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक 'शास्त्रीय' खुलासा फिरतोय : वाहकाच्या आत विद्युत क्षेत्र शून्य असतं, त्यामुळे तांब्याच्या तारेत व्होल्टेज ड्रॉप (वाटेत व्होल्टेज घटणं) होत नाही, सबब मीटर रूममधून पार्किंगमधल्या ई-गाडीच्या चार्जरपर्यंत अडीच स्क्वेअरची (छेद २.५ चौरस मिलिमीटर) वायर कितीही लांब ओढा.

'क्षेत्र शून्य' हे पुस्तकातलंच, पण अर्धवट उचललेलं. ते शून्य होतं विद्युतभार (चार्ज) स्थिरावल्यावर. चार्जर चालू असताना भार स्थिर कुठे? इलेक्ट्रॉन तांब्याच्या थरथरत्या अणुजालकावर अडखळत राहतात, त्यांना ढकलायला क्षेत्र लागतंच. किती? प्रवाह भागिले छेदाचं क्षेत्रफळ, गुणिले रोधकता (पदार्थ प्रवाहाला किती अडवतो, त्याचं माप). अडीच स्क्वेअरमधून १६ अँपिअर आणि तांब्याची २० अंशांवरची रोधकता १.७२ × १०⁻⁸ ओहम-मीटर धरली, तर मीटरमागे ०.११ व्होल्ट. एवढंसंच वाटतं, पण चार्जर ४० मीटरवर असेल तर फेज-न्यूट्रल मिळून ८० मीटर तार झाली. ८.८ व्होल्ट गेले, १४० वॉट पाइपातच तापले. तार ६० अंशांपर्यंत गेली की रोध आणखी सुमारे १६ टक्के वाढतो. चार स्क्वेअरला हाच ड्रॉप साडेपाच व्होल्ट.

'मग मल्टिमीटर दोन्ही टोकांना २३० कसा दाखवतो?' कारण मोजताना चार्जर बंद होता! प्रवाह नाही, तर ड्रॉपही नाही. खुलासा लिहिणारे इथेच फसलेत.

'क्षेत्र असतं तर लांब गेल्यावर विरलं असतं,' हाही खुलाशातलाच मुद्दा, पण चुकीचा. तारेच्या पृष्ठभागावर अत्यल्प भार साचतो आणि तोच क्षेत्राला तारेच्या दिशेत, वळणावरसुद्धा, धरून ठेवतो. एकाच जाडीच्या तारेत ते मीटरमागे सारखंच राहतं.

जिथे रोध जास्त, तिथे मात्र ते एकवटतं. ढिल्या जोडाचा रोध ०.१ ओहम असला तरी १६ अँपिअरला १.६ व्होल्ट आणि २५ वॉट, तेही नखाएवढ्या जागेत. प्लग टॉप काळा पडतो तो यामुळे, आणि एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) ट्रिप होत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो.

तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करा. चार्जर पूर्ण लोडवर ठेवून दोन मल्टिमीटरनी दोन्ही टोकांचं व्होल्टेज एकाच वेळी घ्यायचं. मग वर आणि खाली, प्रत्येक जोडावर एक प्रोब एमसीबीच्या स्क्रूवर आणि दुसरा त्यात शिरणाऱ्या तारेच्या तांब्यावर. तिथेच एक-दीड व्होल्ट दिसला, तर वायर बदलायच्या आधी मेन बंद करून स्क्रू उघडा : अर्ध्या तुटलेल्या तारा किंवा स्क्रूखाली दबलेलं इन्सुलेशन बहुधा तिथेच सापडेल.