‘गावातल्या गावात कशाला जॅकेट?’ या मेसेजला उत्तर

दसऱ्याला नवी दुचाकी घरात आली की फॅमिली ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. गावातल्या गावात 40 च्या वर कोण जातंय, तिथे जॅकेट-ग्लोव्हज म्हणजे लडाखवाल्यांची हौस. जीन्स आणि बूट असले की भागतं. हेल्मेटने मान मोडते, बाजूचं दिसत नाही. घ्यायचंच तर आयएसआयचा स्टिकर असलेलं कुठलंही घ्या, सगळी सारखीच. पाठवणारे काका-मामा मायेनेच पाठवतात, म्हणून तर नवशिकी पोरं ते खरं मानतात.

आधी 40 चा वेग. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तिथून नुसतं खाली आलं तरी ते ताशी 20 किलोमीटरच्या आसपास वेगाने आपटतं, मग गाडी सिग्नलला उभी का असेना. त्यात पुढे जाण्याचा वेग वेगळाच. ताशी 40 म्हणजे सेकंदाला 11 मीटर. कोरड्या डांबरावर अंग थांबेपर्यंत आठ-दहा मीटर फरपटतं, म्हणजे दीडेक सेकंद. साध्या जीन्सला सेकंदाच्या आतच भोक पडतं. त्यानंतर घासते ती गुडघ्याची कातडी. पडताना हात आपोआप पुढे जातात, म्हणून तळहात सर्वांत आधी सोलले जातात. आठवडाभर जेवायला दुसऱ्याने भरवावं लागतं, तेव्हा ग्लोव्हज हौसेचे वाटत नाहीत. आणि नवशिक्यासाठी गाव हीच अवघड जागा आहे: वळणावरची खडी, पहिल्या पावसात निसरडे झालेले पेव्हर ब्लॉक, मध्येच उघडणारं कारचं दार, आणि घाबरून करकचून दाबलेला पुढचा ब्रेक.

बुटांचं मात्र त्या मेसेजात निम्मं बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा भागातल्या 212 अपघातग्रस्त रायडर्सचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घोट्यावर येणाऱ्या साध्या बुटांनीही पायाच्या इजा निम्म्याहून कमी झालेल्या दिसल्या. त्याच अभ्यासात ग्लोव्हज घातलेल्यांना हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ 59 टक्क्यांनी कमी आली, रायडिंग पँटवाल्यांना 51 टक्क्यांनी, जॅकेटवाल्यांना 21 टक्क्यांनी. आर्मरने, म्हणजे कोपर-गुडघ्यावर येणाऱ्या आतल्या संरक्षक पॅडने, हाडं मोडायची थांबली असं मात्र दिसलं नाही, आणि चौथ्या हिश्शाहून जास्त जॅकेटं अपघातात फाटली. म्हणून दुकानदार ‘काही होणार नाही’ म्हणाला तर ऐकू नका. शिवण दुहेरी-तिहेरी आहे का बघा. हात हँडलवर असल्यासारखे पुढे धरा आणि कोपराचं आर्मर कोपरावरच राहतं का ते तपासा. सैल जॅकेटात ते सरकतं, मग असून नसून सारखंच. उकाड्याची तक्रार खरी आहे, विदर्भात मे महिन्यात तर फारच. त्यावर जाळीचं जॅकेट घ्यावं, उघडे हात हा उपाय नव्हे.

हेल्मेटने मान मोडत नाही. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमधल्या गंभीर इजांच्या नोंदींवरच्या 2011 च्या अभ्यासात हेल्मेटवाल्यांना मानेच्या मणक्याच्या इजा 22 टक्क्यांनी कमी होत्या. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2008 च्या आढाव्यानुसार मृत्यूचा धोका 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा 69 टक्क्यांनी घटतो. राहिलं दिसणं. हेल्मेटच्या युरोपीय मानकात मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना 105 अंश मोकळे लागतात. दिसत नसेल तर काच ओरखडलेली असते, ती बदला.

सगळी हेल्मेटं सारखी, हे यातलं सर्वांत घातक वाक्य आहे. जून 2021 पासून आपल्याकडे आयएसआय प्रमाणित हेल्मेटच बनवायला आणि विकायला परवानगी आहे, तरी रस्त्याकडेला नुसता स्टिकर चिकटवलेली टोपडी मिळतातच. खऱ्या आयएसआय मार्कच्या वर ‘आयएस 4151’ हा हेल्मेटच्या मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून दुकानातच पडताळा. मग माप. गालाला घट्ट बसलं पाहिजे, पण कपाळावर एकाच जागी टोचता कामा नये. पट्टा लावा, मागून धरून पुढे ढकला. निघून आलं तर ते तुमचं नाही, किंमत कितीही असो. मित्राचं जुनं फुकट मिळत असेल तरी घेऊ नका. आतला थर्माकोल एकदा आपटला की चेपतो, पुन्हा फुगत नाही, आणि बाहेरून ते कळत नाही.

बजेट तुटपुंजं असेल तर आधी चेहरा झाकणारं हेल्मेट, मग ग्लोव्हज, मग घोट्यावरचे बूट. जॅकेट आणि नीगार्ड पुढच्या पगाराला. पण त्याआधी मागे बसणारीसाठी दुसरं हेल्मेट घ्या.