साखर आटोक्यात आली म्हणून बासुंदी?

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची 'तीन महिन्यांची साखर' या वेळी सात टक्क्यांच्या आत आली. रिपोर्ट हातात पडला त्याच संध्याकाळी काका बासुंदीचा डबा घेऊन लिफ्टमध्ये भेटले. मी नुसतं पिशवीकडे बघितलं, तर म्हणाले, "अगं, कमावलंय मी हे! तीन महिने गोडाला हात लावला नाही."

यावर काय बोलणार? चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मीही अभिनंदन करून मोकळी झाले. पण गंमत बघा. ही एचबीएवनसी टेस्ट म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटलीय त्याचा हिशेब. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांचं सगळं त्यात दिसतं. आदल्या दिवशी उपाशी राहून तिला फसवता येत नाही. म्हणजे आजची बासुंदी थेट पुढच्या रिपोर्टच्या खात्यावर. एका वाटीने आभाळ कोसळत नाही, मान्य. पण काकांचं प्रकरण एका वाटीवर थांबत नाही, कारण "आता आटोक्यात आहे की" हे वाक्य पुढे पंधरा दिवस पुरतं.

एकादशी दुप्पट खाशी ही म्हण काही उगाच पडलेली नाही. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, मधल्या वेळेला बटाट्याचा चिवडा. उपास केला अशी मनाने एकदा नोंद केली की पुढचं सगळं माफ. आता एकादशीच्या जागी जिम आली आहे, पाच किलोमीटरची धाव आली आहे, 'महिनाभर साखर बंद' आलं आहे. दुप्पट खाशी तेवढं जागच्या जागी आहे.

स्वतःला बक्षीस द्यावं, जरूर द्यावं, या मताची मी आहे. उलट आपल्याकडे ते फार कमी दिलं जातं, विशेषतः बायकांकडून, त्यावर पुढे येतेच. पण ज्या कामासाठी घाम गाळला त्याच कामाला खड्डा पाडणारं बक्षीस मला काही केल्या कळत नाही.

पुणेकरांसाठी सिंहगडाचं उदाहरण घेते. आतकरवाडीतून पायवाटेने वर जायचं म्हणजे साधारण 600 मीटरचा उभा चढ. 65 किलोचं माणूस एवढ्या उंचीवर चढवायला निव्वळ गणिताने 90 च्या आसपास कॅलरी लागतात. शरीराचं इंजिन काही फार काटकसरी नाही, जाळलेल्यातलं पाव-पंचमांशच प्रत्यक्ष चढण्याच्या कामी येतं, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे खर्च झाला साडेतीनशे ते साडेचारशेचा. उतरायचे थोडे धरा, चला, पाचशे. आता वर पोचल्यावरची जमा बाजू. कांदाभजीची एक प्लेट, ती संपेपर्यंत दुसरी येतेच. मग पिठलं, लोण्याचा गोळा ठेवलेल्या दोन भाकऱ्या, ठेचा आणि शेवटी मडक्यातलं दही, साखर घालून. बेरीज तुम्हीच करा. मी एकदा मनात केली आणि शेजारच्या ग्रुपमधला एक जण "आज सगळं जाळलं यार" म्हणत तिसरी प्लेट मागवत होता, त्याच्याकडे बघून मला हसू आवरेना.

गैरसमज नको. भजी मीही खाते. गडावरच्या वाऱ्यात ती गरम भजी सोडून येणारा माणूस मला जरा संशयास्पदच वाटतो. पण ती चविष्ट आहेत म्हणून खाते, कमावली म्हणून नाही. यात फरक आहे. आवड म्हणून खाल्लेलं एका प्लेटमध्ये भागतं. हक्क म्हणून खायला बसलं की माणूस वसुलीला बसतो.

सवय तरी कुठून लागली? पहिला नंबर आला, पेढे. दहावी झाली, हॉटेलात जेवण. इंजेक्शन घेताना रडला नाहीस, कॅडबरी. शाबासकीची चव आपल्याला गोडच माहिती. मला त्यात आईवडिलांचा दोष दिसत नाही. तेव्हा पेढा वर्षातून चारदा यायचा आणि त्यामुळे तो खरोखर बक्षीस होता. आता घरात दर आठवड्याला केक कापला जातो, कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. रोज मिळणारी गोष्ट बक्षीस म्हणून द्यायची तर ती मोठीच करावी लागते, आणि मग डब्याचा आकार वाढत जातो.

आता बायकांचं.

माझ्या एका मैत्रिणीने पंचेचाळिशी ओलांडल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. लग्नाआधी राहून गेलेलं. सकाळी साडेचारला उठून अभ्यास, मग डबे, मग नोकरी, परीक्षेच्या दिवसांत सासूबाईंचं आजारपण. निकाल लागला. घरच्यांना खरंच आनंद झाला, खोटं कशाला बोलू. सगळे एका सुरात म्हणाले, "पार्टी पाहिजे!" झाली पार्टी. वीस-बावीस माणसांची पावभाजी. भाजी कुणी मॅश केली? पाव कुणी भाजले? शेवटचा तवा उतरवून ती खुर्चीत बसली तेव्हा तिच्या वाट्याला तळाची भाजी आणि एक पाव होता. आणि कौतुकाचं वाक्य काय, तर "आज भाजी एकदम हॉटेलसारखी झाली होती."

मला राग आला होता. तिला आला नव्हता, कारण तिलाही यात वावगं काही दिसलं नव्हतं. आपल्या यशाचा स्वयंपाक आपणच करायचा ही गोष्ट आपल्या हाडीमाशी इतकी भिनलेली आहे.

पण पुढे तिने जे केलं त्यासाठी तिला सलाम. महिन्याभराने एका गुरुवारी रजा टाकली, घरी सांगितलं की मी दिवसभर नाही, आणि स्वारगेटवरून वाईची एसटी पकडली. अर्ध्या तिकिटात. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे, त्याचा एवढा चोख उपयोग मी दुसरा पाहिला नाही. एकटीच. ढोल्या गणपतीच्या घाटावर पायऱ्यांवर बसली, मग रिक्षा करून मेणवलीला गेली, नाना फडणवीसांचा वाडा बघितला, तिथल्या घाटावर पाण्यात पाय सोडून बसली. दुपारी एका खानावळीत दुसऱ्या कुणीतरी केलेली भाकरी खाल्ली. संध्याकाळी घरी. मला म्हणाली, "अगं, दिवसभरात एकदाही कुणी विचारलं नाही की अमुक कुठे ठेवलंय."

एवढंच तिचं बक्षीस. खर्च पाचशे रुपयांच्या आत. मी ते ऐकलं आणि माझ्या डोक्यातली बक्षिसाची सगळी कल्पनाच बदलली. आपल्यापैकी बऱ्याच जणींना वस्तू नको असते, खाणं तर नकोच असतं. कुणी हाक न मारलेले चार तास हवे असतात. ते दुकानात मिळत नाहीत, आणि मागितल्याशिवाय घरातही मिळत नाहीत.

खरेदीबद्दल फार बोलत नाही. जाहिराती दिवसरात्र सांगतच असतात की तुम्ही एवढे कष्ट करता, मग हा फोन तुमचा हक्कच आहे. ज्या बक्षिसाचे हप्ते बारा महिने फेडायचे असतात त्याला मी शिक्षा म्हणते. विषय संपला.

बक्षिसाचा दुसराही एक धोका आहे, आणि तो आरोग्याशी नाही तर मनाशी संबंधित आहे. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेत बालवाडीतली मुलं निवडली, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशी. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेनं ठेवली, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढत होती. खेळाचं काम झालं होतं. अचानक मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नव्हतं.

हे वाचल्यापासून मी टेकडीवर जाण्याला बक्षीस लावणं सोडलं. मला टेकडी आवडते. सकाळी मोर ओरडतात, ओळखीचे चेहरे दिसतात, कुत्री मागे येतात. घड्याळातल्या ॲपचे बिल्ले आणि नाणी मोजत बसले की लक्ष मोराकडून पावलांच्या आकड्याकडे जातं. जे आवडतं ते फुकटच करावं.

बक्षीस लावायचं ते कंटाळवाण्या आणि नावडत्या कामांना. इन्कम टॅक्सचं रिटर्न. माळ्यावरची सफाई. दातांच्या डॉक्टरकडे जाणं. आणि माझ्या बाबतीत, खांद्याचे व्यायाम.

मला फ्रोजन शोल्डर आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांनी आत्ता नक्की मान डोलावली असेल. वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, वेणी घालताना डोळ्यांत पाणी येतं, ब्लाउजचे मागचे हुक म्हणजे तर परीक्षाच. फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्यायामातला एक म्हणजे भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, जिथे दुखायला लागेल तिथे क्षणभर थांबायचं. त्या जागी पेन्सिलने रेघ मारायची. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी आता पोरांची उंची मोजतात तशा रेघांची शिडी झाली आहे. दोन रेघांमध्ये कधी बोटभर अंतर, कधी एकीवर एकच. एखाद्या आठवड्यात नवी रेघ जुनीच्या खालीसुद्धा येते, तेव्हा पेन्सिल फेकून द्यावीशी वाटते.

यावर मी युक्ती केली आहे. फोनमध्ये एक रहस्यकथा ऐकायला ठेवली आहे आणि ती फक्त व्यायाम करतानाच ऐकायची. स्वयंपाक करताना नाही, बसमध्ये नाही. खून कुणी केला हे कळायचं असेल तर भिंत चढायची. माझी ही युक्ती काही नवी नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केला आणि तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. उत्कंठा वाढवणारी ऑडिओ पुस्तकं ज्यांना फक्त जिममध्येच ऐकता येत होती, ते लोक सुरुवातीला इतरांपेक्षा 51 टक्के जास्त वेळा जिमला गेले. पुढे थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली आणि परिणाम विरून गेला. आपल्या दिवाळीसारखंच की! फराळाच्या आठवड्यात मोडलेलं तुळशीच्या लग्नापर्यंत काही जुळत नाही. माझा स्वतःचा उपाय एवढाच, की सुट्टीच्या आदल्या दिवशी गोष्ट नेमकी अडनिड्या जागी थांबवायची.

या बक्षिसाची मोठी सोय म्हणजे ते त्याच वेळी हातात पडतं. तीन महिन्यांनी वजन कमी झाल्यावर गोव्याला जाऊ, या आमिषावर आज सकाळी अंथरूण सुटत नाही. शिवाय वजन आपल्या हुकमात नसतं, चालणं असतं. बक्षीस चालण्याला द्यावं. काट्याला दिलं की काटा हलला नाही त्या आठवड्यात माणूस सगळंच सोडून देतो.

आपल्या जुन्या बायकांना हे बरंच कळलेलं होतं असं मला अधूनमधून वाटतं. मी फारशी व्रतं करणारी नाही, पण सोळा सोमवारांची रचना बघा. किती करायचे ते ठरलेलं. सतराव्या सोमवारी उद्यापन, तेही ठरलेलं. गोड काय, तर चुरमा, आणि तो वाटायचा. एकटीने डबा घेऊन टीव्हीसमोर बसायचं नाही. शिवाय शेजारणी येतात, विचारपूस होते, व्रत पूर्ण झालं याला चार साक्षीदार मिळतात. माझ्या मते त्या साक्षीदारांतच निम्मं बक्षीस होतं. आपण मात्र आपली ध्येयं ॲपला सांगतो आणि ॲप टाळ्यांचं चित्र पाठवतं.

परवा हे सगळं एका नातेवाइकांसमोर बोलले तर म्हणाले, "वहिनी, हे सगळे चोचले. आमच्या वेळी कर्तव्य म्हणून करायचो." असेल बुवा. पण त्यांच्या कर्तव्यानंतर हातात चहा आणून देणारं कुणीतरी घरात होतं, आणि त्या कुणीतरीला कुणी चहा दिला होता का, ते मी विचारलं नाही. घरी पाहुणे होते.

माझं पुढचं बक्षीस ठरलेलं आहे. डिसेंबरपर्यंत भिंतीवरचे व्यायाम चुकवले नाहीत तर सवाई गंधर्व महोत्सवातला एक अख्खा दिवस माझा. रेघ कुठेही पोचलेली असो. नवऱ्याला सांगून ठेवलंय, मुलीलाही. भारतीय बैठकीचं तिकीट काढायचं, सतरंजी आणि शाल न्यायची, फोन बंद. जेवणाचा डबा करून ठेवणार नाही, माझाही नाही आणि घरच्यांचाही नाही. तिथे स्टॉलवर भजी मिळाली तर खाईन, आणि ती बक्षिसात धरणार नाही.